बर्फाच्या चपला

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळचा फोन. इथे ओमानात, सोहारमध्ये शुक्रवारची सकाळ, तिकडे कॅलगरीत गुरुवारची रात्र. सु.चा चेहरा लालबुंद. विचारलं, ताप आहे का? तर हसत सुटली. म्हणे आज तळ्याला चक्कर मारून आले. डोंगरातलं तळं, गाडीने दीडेक तास. तळं कडेकडेने गोठलेलं, भोवतीची वाट बर्फात बुडालेली, आणि पायांत ते स्नोशूज. "अहो, बॅडमिंटनच्या रॅकेटी पायाला बांधल्यासारखं वाटतं. बर्फाच्या चपलाच म्हणा ना."

बर्फाच्या चपला! ही बाई सोहारमध्ये लिफ्ट बंद असली तर दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायची नाही. गुडघे दुखतात म्हणून.

फोटोही पाठवला. लाल जाकीट, प्र.ची पँट, माकडटोपी, दोन हातांत दोन काठ्या. शेजारी चार गोऱ्या म्हाताऱ्या. प्र.च्या वस्तीच्या हॉलमध्ये ओळख झाली म्हणे. दर आठवड्याला जातात. प्र.नेच ढकललं तिला, "आई, तू जा ना, घरात बसून बोअर होशील."

ऑगस्टअखेर गेली ती प्रज्ञाच्या बाळंतपणाला. लेकीचं बाळंतपण, आईने जायचंच, त्यात मी कोण बोलणार. तीन महिने ठरले होते. सप्टेंबरात रिया झाली, सगळं सुखरूप. तिकीट आत्ताचं होतं ते फेब्रुवारीवर नेलं. कारण, रिया अजून मान धरत नाही. आजी काय मान धरून बसणार आहे? हे बोललो नाही. "कधी येतेस?" एवढंच विचारलं.

"वीस फेब्रुवारीचं आहे की तिकीट."

तिकीट आहे म्हणाली. येते म्हणाली नाही.

दुपारी डाळभात. डाळीला हिंग जास्त.

६ डिसेंबर, शुक्रवार

अभिवादनाला मस्कतला. दरवर्षीप्रमाणे दार्सैतला कांबळेंच्या फ्लॅटवर. मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील. मुलांना पाली पाठ, मराठी मात्र अडखळत. जाताना शेजारची सीट रिकामी म्हणून तिच्यावर पांढऱ्या फुलांचा पुडा ठेवला. ब्रेक मारला की घसरायचा. एरवी सु. मांडीवर धरून बसायची.

आल्या आल्या प्रत्येक बाईचा एकच प्रश्न. "सुनंदाताई कधी येणार?" मी आपला "येईल, येईल" म्हणत बुंदी खातोय. कांबळेंची धाकटी, सातवीतली, शेजारी येऊन बसली. "काका, आंटी तिकडेच... शिफ्ट झाल्या का?" कांबळे वहिनींनी डोळे वटारले. मुलांना काही दोष नाही. मोठे जे मनात बोलतात ते मुलं मोठ्याने बोलतात.

वहिनींनी डबा भरून दिला. पातळभाजी, भाकऱ्या, ठेचा. परतीच्या रस्त्यावर बरकाच्या पुढे गाडी थांबवून एक भाकरी तशीच कोरडी खाल्ली. का कोण जाणे, फार भरून आलं. भाकरीचंच असेल. कित्येक आठवड्यांत हाताची भाकरी पोटात गेली नव्हती.

१४ डिसेंबर, शनिवार

काल सु.शी बराच वेळ बोललो. म्हणजे ती बोलली. बर्फात वाट कशी पाडतात ते सांगत होती. पुढचा माणूस ताज्या बर्फात पाय रोवत जातो, मागच्यांनी त्याच्या खुणेतून चालायचं. पुढच्याचा दम लवकर निघतो, म्हणून पाळीपाळीने पुढे जायचं. पुढचा दमला की बाजूला उभा राहतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि शेवटी लागतो.

"आज मी पुढे होते," म्हणाली.

"तू?"

"का? मी काय?"

काही नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, ही कायम माझ्या दोन पावलं मागे. सूकच्या बाजारात, लग्नघरात, विमानतळावर. मी मागे वळून "चल गं लवकर" म्हणायचो. हिला कुणी पुढे हो म्हणून सांगितलं?

संध्याकाळी दाऊदभाईंच्या दुकानात. हार्डवेअरचं दुकान, आमच्या फॅक्टरीला नटबोल्टपासून दोरखंडापर्यंत सगळं त्यांच्याकडूनच. माणूस दापोलीकडचा. कामाचं संपलं की त्यांच्या बाकड्यावर चहा घेत बसायची मला सवय. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय साहेब, वहिनी नाय आली अजून?"

सांगितलं सगळं. चपलांसकट. दाऊदभाई पोट धरून हसले. मग म्हणाले, "तुमची तीन म्हयन्यात ही गत. माझी बायको तीस वर्सं दापोलीत, मी हितं. वर्सातून दोन म्हयने भेटतो. भांडायला पन वेळ पुरत नाय."

दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून आपलं लहान होत नाही. पण चहा बरा लागला.

२० डिसेंबर, शुक्रवार

आनंदाची बातमी! कांबळेंचा मेहुणा कॅलगरीहून मस्कतला येतोय. सु. त्याच्याबरोबर एक बॅग पाठवतेय. "मोठी आहे हो, जाऊन घेऊन या, त्यांच्या घरात अडचण नको."

बॅग! आता हे आखातात राहिलेल्या कुणालाही समजेल. आपलं वजन जास्त होणार असलं की जो कुणी आधी जाणारा भेटेल त्याच्या गळ्यात आपलं सामान मारायचं. आम्ही बावीस वर्षं हेच केलं. पुढे सामान, मागून माणूस. म्हणजे बाईसाहेब आवराआवरीला लागल्या. विचारलं नाही. उगाच बोलून दृष्ट कशाला लावा.

दिवसभर घर साफ केलं. फ्रीजमागून तिची हरवलेली चाळणी निघाली. कैरीच्या लोणच्याला बुरशी, फेकलं. तिच्या तुळशीवजा झाडाला (नाव कधीच माहीत नव्हतं, फुलं जांभळी) पाणी घालतोय रोज, तरी अर्धं वाळलंय. तेवढ्यावरून बोलणी खाणार.

तिच्या बाजूची चादर बदलली. गाणं गुणगुणत होतो हे नंतर लक्षात आलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दार्सैतहून बॅग आणली. लांबुळकी आणि तिच्या मानाने हलकी. साड्या असत्या तर जड असती, तेव्हाच समजायला हवं होतं. कांबळेंकडे चहा घेतला, पण जीव बॅगेत. सोहारपर्यंत दम निघाला नाही. खाली पार्किंगमध्येच डिकी उघडून चेन ओढली.

ॲल्युमिनियमच्या दोन चौकटी. मध्ये काळं जाड रबरी कापड, वर पट्टे, खाली लोखंडी दात. बर्फाच्या चपला. माझ्या मापाच्या, पुरुषी. जोडीला लोकरी मोजे दोन जोड आणि आतून घालायचे गरम कपडे. तेही माझ्याच मापाचे.

तिचा स्वतःचा एक रुमालसुद्धा नाही.

कृष्णमंदिराकडून लोक येत होते, फुलं-प्रसाद घेऊन. आणि मी डिकीत डोकं घालून उभा. एकाने विचारलंसुद्धा, "अंकल, पंक्चर हुआ क्या?" हो म्हटलं.

२८ डिसेंबर, शनिवार

मी फोन केला नाही. तिनेच केला.

"मिळालं का?"

"मिळालं."

"घालून बघितलं?"

"सोहारमध्ये?"

"अहो, तुम्ही इकडे याल तेव्हा लागतील. सेलमध्ये मिळाले. लिंडा म्हणाली पुरुषांचे लवकर संपतात, म्हणून घेऊन ठेवले."

लिंडा म्हणजे त्या गोऱ्या म्हाताऱ्यांतली पुढारी. हिच्या तोंडी आजकाल लिंडाच लिंडा.

मी म्हटलं, मी कसा येणार? फेब्रुवारीत फॅक्टरीचा शटडाऊन. सगळी मशिनं उघडी पडलेली असतात आणि मेंटेनन्सचा इंजिनीअर बर्फात खेळायला गेला, असं कुठे असतं का? ती म्हणाली, "मग शटडाऊन झाल्यावर या." मी म्हटलं, तोपर्यंत तूच येशील ना?

तेवढ्यात रिया रडली म्हणून फोन ठेवला. रिया खरंच रडली की काय, मला ऐकू नाही आलं.

आणि एक भानगड आहे, लिहून ठेवतो. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की इथला रेसिडेन्स व्हिसा खलास. ऑगस्टअखेर गेली, म्हणजे ते वीस फेब्रुवारीचं तिकीट हीच शेवटची गाडी. ते चुकलं तर पुढे सु. माझ्या घरी येणार ती पाहुणीसारखी, टुरिस्ट व्हिसावर. हे तिलाही माहीत आहे. दोघंही बोलत नाही. अळीमिळी गुपचिळी.

३ जानेवारी, शुक्रवार

वेड लागलंय मला. सकाळी चपला घेऊन समुद्रावर गेलो.

म्हटलं बघू तरी. सु.ला जमतं ते मला का जमू नये? कोरड्या वाळूत पट्टे आवळले आणि निघालो. पहिल्या दहा पावलांत उजव्या चपलेवर डावी ठेवली आणि तोंडावर. उठलो, कुणी बघितलं नाही ना बघितलं. सगळे बघत होते. जाळी सारखी करणारे कोळी, तीन कावळे.

एक म्हातारा ओमानी जवळ आला. चपलांकडे बोट. "मो हादा?" म्हणजे हे काय. मला अरबी कामापुरतंच. म्हटलं, "थलज. बर्फासाठी." त्याने समुद्राकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. ढगाचा पत्ता नाही. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "इन्शाल्ला."

थट्टा नव्हती ती. मनापासून म्हणाला. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

पुढे मात्र बऱ्यापैकी चाललो. पाय फाकवून चालायला लागतं, बाळ चालायला शिकतं तसं. वाळूत पाय रुतत नाही, ही गंमत खरी.

१० जानेवारी, शुक्रवार

आज परत समुद्रावर. पोटऱ्या आठवडाभर दुखत होत्या, तरी गेलो. घरी बसून करू काय? टीव्ही लावला की आवाज होतो, बंद केला की त्याहून जास्त.

दाऊदभाई बघायला आले होते, मुद्दाम दुकान उशिरा उघडून. "साहेब, ह्याच्यात मासे धरायचे की काय?" आणि वर, "वहिनीनं तुम्हाला बोलावलाय बघा. बाई मानूस सरळ 'या' म्हनत नाय. चपला धाडते."

म्हटलं, आणि मला ती इथे हवी असली तर?

"मग तुम्ही पन चपला धाडा. सपाता. घरात घालायच्या."

वाळू झटकून चपला डिकीत टाकल्या.

सु.ला वाळूचं सांगितलं नाही. प्र. मध्येच फोनवर आली. "बाबा, आई इकडे खूप... काय म्हणतात... मोकळी आहे. यू शुड सी हर." मोकळी म्हणजे काय? इथे काय बांधून ठेवली होती? फोन ठेवल्यावर बराच वेळ तोच शब्द डोक्यात.

१७ जानेवारी, शुक्रवार

जबल शम्स डोंगरावर बर्फ!

काल दुपारी फॅक्टरीत बातमी आली. मोबाइलवर फोटोच फोटो. गाड्यांच्या काचांवर पांढरा थर. दर दोनतीन हिवाळ्यांत कधीतरी पडतो, सकाळी आहे तर दुपारी नाही. दाऊदभाईंना विचारलं, येता? "माझे गुडघे नि थंडी, दोगांची दुश्मनी हाय." मग एकटाच. पहाटे निघालो. इब्रीला उजाडलं. एका मलबारी हॉटेलात पराठा आणि करक चहा. तिथला पोरगाही म्हणाला, साब, बर्फ देखने? सगळा देश तिकडेच निघालेला.

वळणावर पोलीस उभे, फोर-व्हील असेल तरच वर सोडत होते. माझी जुनी गाडी पाहून जरा विचारात पडले, मग "यल्ला, यल्ला" म्हणत सोडलं.

वर जत्रा. कुटुंबंच्या कुटुंबं, घोंगड्या पांघरलेल्या बायका, पोरं बर्फ गोळा करून गाडीच्या बॉनेटवर थापतायत, खाली घरी न्यायला. बर्फ तरी केवढा! चार बोटं. त्यातून दगडांची टाळकी वर आलेली. आणि अख्ख्या ओमानात बर्फाच्या चपला असलेला एकटा माणूस मी. डिकी उघडली तशी गर्दी झाली. घातल्या. पहिलं पाऊल टाकलं आणि खाली लोखंडी दात दगडावर खर्रर्र. सगळे हसले. मीही हसलो. दोन पोरांनी मागितल्या, घालून नाचले, त्यांच्या बापाने व्हिडिओ काढले. मला खजूर आणि कावा, इथली बिनदुधाची कॉफी. "इंडिया में ऐसा पहनते?" नाही म्हटलं, कॅनडात, माझी बायको. "वो किधर?" तिकडेच.

मग पलीकडे निघालो. पठारावरून दगडांवरच्या रंगीत खुणा धरत एक वाट जाते, शेवटी खळग्यात पावसाचं पाणी साठून तळं झालंय. ऐकून होतो, पाहिलं कधी नव्हतं. तिकडे कुणी फिरकलेलं नव्हतं. एका उतारावर वाऱ्याने बर्फ साठवला होता, नडगीपर्यंत. तिथे पहिल्यांदा त्या चपलांनी आपलं काम केलं. पाय रुतला नाही. दाबल्यासारखा आवाज, बस. खूप बरं वाटलं. सु. सांगत होती ती वाट पाडणं ते हेच. थोडं पुढे गेल्यावर दम लागला आणि तिने सांगितलं तसा बाजूला झालो. मागच्याला जाऊ द्यायचं म्हणून.

मागे कुणी नव्हतं. माझ्याच पावलांची एक ओळ, बदकाची असते तशी.

इतकं एकटं मला सोहारच्या रिकाम्या घरातसुद्धा कधी वाटलं नव्हतं. तिथे निदान फ्रीज आवाज करतो.

तळ्यापर्यंत गेलो. केवढंसं तळं, म्हशी डुंबतील एवढं. कडेला काचेसारखा पापुद्रा, मध्ये काळं पाणी. दोन शेळ्या. फोन लावला, व्हिडिओ. तिकडे झोपायची वेळ. सु.ने उचलला. आधी तिला कळेचना. मग चपला दाखवल्या, तळं दाखवलं, शेळ्या दाखवल्या. हसली. इतकी हसली की प्र. धावत आली. मग म्हणाली, "अहो, पाय फाकवा अजून. टाचेवर भार नका देऊ. आणि कडेला जाऊ नका, तो बर्फ फसवा असतो." एकेक सांगत होती आणि मी ऐकत होतो. ती मला चालायला शिकवत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीनेही येतं.

"छान दिसताय," म्हणाली. मग रेंज गेली.

परत येईपर्यंत निम्मा बर्फ वितळला होता. पोरांच्या बॉनेटवरचाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस ताप. डोंगर भोवला. दाऊदभाईंनी रोज पेज करून पाठवली, वर भाजलेला सुका बांगडा. हातातली कामं टाकून स्वतः आले, कपाळाला हात लावला आणि "बायकोला सांगितलाव?" नाही म्हटलं. सांगितलं असतं तर ती पहिल्या विमानाने आली असती. तसं नको होतं मला. आजारी नवऱ्यासाठी आली, असं नको.

मग कशासाठी यावी म्हणतोस? हे मीच मला विचारलं. तापात माणूस असलंच काहीतरी विचारतो.

काल कामावर. अर्बाबने, म्हणजे मालकाने, केबिनमध्ये बोलावलं. आमचा अर्बाब माणूस चांगला. म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट जूनला संपतंय, अजून दोन वर्षं थांबशील ना? तुझ्याशिवाय ती मशिनं कुणाचं ऐकणार? "इन्शाल्ला" म्हटलं. त्याला हो वाटलं. मला काय वाटलं ते मलाच माहीत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज सु.ने स्वतः विषय काढला. रिया मांडीवर, मान चांगली ताठ धरलेली.

"अहो, वीस तारखेचं तिकीट. बदलायचं असेल तर आत्ताच कळवावं लागेल. प्रज्ञा म्हणते राहा, जावईसुद्धा म्हणतात, ती मार्चपासून अर्धा दिवस कामावर जाणार आहे. मी म्हटलं, ह्यांना विचारते."

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

हे वाक्य मी एकोणतीस वर्षं ऐकतोय. सोहारला यायचं ठरलं तेव्हा. प्र.ला इंडियन स्कूलमध्ये घालायचं ठरलं तेव्हा. भाजी कोणती करू, तेव्हासुद्धा. इतकी वर्षं त्या वाक्याचं मला कौतुक होतं. मित्रांना सांगायचो. आज पहिल्यांदा ते नको झालं.

आवाज तुटतोय म्हटलं. तुटत नव्हता.

५ फेब्रुवारी, बुधवार

शटडाऊनची तयारी. स्पेअर आले नाहीत, क्रेनवाला गायब, रोजचंच. संध्याकाळी दाऊदभाईंकडे.

"ये म्हना, साहेब. सरळ. मी तीस वर्सं 'तू तितंच बरी' म्हनत आलो. ती पन हो म्हनत ऱ्हायली. आता आमी दोगं बरी, पन वेगळी वेगळी." मग गिऱ्हाईक आलं, पाइपचे सांधे मागत. दाऊदभाई उठले. मला वाटतं ते गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांना बरंच वाटलं.

घरी येऊन बाल्कनीत उभा राहिलो. खाली पार्किंग, समोर दुसरी बिल्डिंग, तिचं पार्किंग. ये म्हटलं तर ती येईल. वीस तारखेला विमानातून उतरेल, हातपाय धुऊन कणीक मळेल, वाळलेल्या झाडाला बघून मला बोलेल. घर भरून जाईल. मला ते हवंय. फार हवंय. रोज संध्याकाळी किल्ली फिरवताना आत दिवा असावा एवढंच हवंय.

आणि ती? सकाळी मी गेलो की ती या बाल्कनीत. गाडी चालवता येत नाही, टॅक्सीने एकटी कधी गेली नाही, बाहेर ऊन मी म्हणतंय. मी येईपर्यंत हे पार्किंग बघायचं. पायांत सपाता.

नको ये म्हणावं, तर मी काय करू? दोन वर्षं हिंग जास्त झालेली डाळ खात बसू?

दोन्ही बाजूंनी विचार करून डोकं दुखायला लागलं. पंप का हादरतो ते मी हात लावून सांगतो, आणि हे जमत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तिचा फोन नाही. मीही केला नाही. मनाशी ठरवत होतो. दिवसभर ठरवलेलं परत परत मोडलं.

संध्याकाळी सातनंतर तिचाच आला. तिकडे सकाळ. मागे झाडं, पांढरं सगळं, गाड्यांची दारं लागल्याचे आवाज. तळ्यावर पोचल्या होत्या. लाल जाकीट, चपला पायांत चढवलेल्या.

"पटकन सांगा हो. एअरलाइनला चारपाच दिवसांत कळवायचंय. लोक निघालेत. काय करू?"

मी म्हटलं, "तू ठरव."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला यायचंय का, राहायचंय का, ते तू ठरव. मला राग येणार नाही." शेवटचं वाक्य खरं नव्हतं, पण म्हटलं.

पडद्यावर तिचा श्वास धुरासारखा दिसत होता. मागून कुणीतरी हाक मारली, लिंडाच असेल, "सुनंदा!" तिकडे तिचं नाव वेगळंच ऐकू येतं.

"खरंच मी ठरवू?"

"खरंच."

मला पूर्ण खात्री होती. मी असं म्हटलं की ती लगेच म्हणणार, वेड्यासारखं काय बोलताय, येतेय मी वीसला. त्या भरवशावरच म्हणालो होतो, हे आत्ता लिहिताना कळतंय.

सु. म्हणाली, "मग मला थोडे दिवस द्या. विचार करते." आणि फोन खिशात टाकताना बंद करायचा राहिला. बराच वेळ कापडाचा अंधार, आणि बर्फ दाबला जाण्याचा आवाज. एकामागून एक. मी कानाला लावून बसलो. ती पुढे होती की मागे, ते काही कळलं नाही.

परवापासून शटडाऊन. सकाळी सहाला गेटवर.